डक्टचा तपशील जुलैसाठी लिहा : कोकणात वातानुकूलन नेणाऱ्यांना खुले पत्र

कोकण किनाऱ्यावरच्या इमारतींसाठी वातानुकूलनाचे तपशील लिहिणारे सल्लागार अभियंते, वास्तुविशारद आणि त्या निविदांवर सही करणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत गेल्या काही वर्षांत बांधकाम किती वाढले हे तुम्हाला सांगायला नको. रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली. अलिबाग, गणपतीपुळे, मालवण-तारकर्लीला हॉटेले उभी राहिली. तालुक्याच्या गावातल्या खासगी रुग्णालयांतही आता शस्त्रक्रियागृह असते, आणि लग्नाचा हॉल वातानुकूलित नसेल तर मुलीकडचे लोक दुसरा बघतात. या सगळ्या इमारतींत फॉल्स सीलिंगच्या वर डक्ट, म्हणजे गार हवा खोल्यांपर्यंत नेणारा पत्र्याचा मार्ग, धावतो. तो पत्रा कापून बनवणे, वर चढवणे आणि त्यावर इन्सुलेशन गुंडाळणे हे माझे काम. आमच्या हातात येणारे तपशीलपत्र बहुतेक वेळा कोरड्या हवेच्या शहरासाठी लिहिलेले असते आणि इथे फक्त प्रकल्पाचे नाव बदलून येते. पहिल्या पावसाळ्यातच त्याचे परिणाम छतावर दिसू लागतात, म्हणून हे पत्र.

नेहमीची ओळ अशी असते : ‘जी.आय. पत्रा २४ गेज, त्यावर १३ मिलिमीटर नायट्राइल रबर, किंवा फॉइल लावलेले २५ मिलिमीटर ग्लासवूल.’ जी.आय. म्हणजे जस्ताचा लेप दिलेला पोलादी पत्रा; या ओळीत त्यावर जस्त किती हे नाही. इन्सुलेशनची जाडी कोणत्या आर्द्रतेला धरून काढली हे नाही. सांध्यावर, फ्लँजवर (दोन तुकडे जोडणाऱ्या उभ्या कडेवर) आणि हँगरपाशी (डक्ट टांगणाऱ्या आधारापाशी) काय करायचे हेही नाही. आमच्याकडे डक्टचे जे काही बिघडते ते याच गाळलेल्या जागांतून बिघडते.

आधी आर्द्रतेचे बोलतो, कारण सगळे मूळ तिथे आहे.

एप्रिलच्या दुपारी पुण्यात तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प थेंब धरू लागते तो, ११ अंशांच्या आसपास येतो. डक्टमधून १३ अंशांची हवा जात असली तरी उघड्या पत्र्यावरसुद्धा तेव्हा थेंब धरणार नाही. तिथे इन्सुलेशन गारवा वाचवण्यासाठी असते. ते थोडे पातळ पडले, कुठे फाटले, तर विजेचे बिल वाढेल, एवढेच. आता इथला जुलै घ्या. तापमान ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. दवबिंदू २७ अंशांच्या थोडा वर. म्हणजे खोलीतल्या हवेपेक्षा जेमतेम तीन अंशांनी गार असलेली कोणतीही वस्तू इथे ओली होते. सतत पाऊस लागून पारा २८ वर आणि आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की दवबिंदू २६ अंशांवर जातो आणि हातात दोन अंशही उरत नाहीत. अशा हवेत १३ अंशांचा डक्ट टांगायचा आणि त्याचा बाहेरचा पृष्ठभाग २६-२७ अंशांच्या वर ठेवायचा, हे कोकणातल्या इन्सुलेशनचे खरे काम आहे. गारवा वाचतो तो त्याच्या ओघाने.

हे गणित करायला संगणक लागत नाही. नायट्राइलची उष्णतावाहकता ०.०३५ धरा, त्याच्या काळ्या पृष्ठभागावर उष्णता-गुणांक, म्हणजे तो पृष्ठभाग आजूबाजूची उष्णता किती भरभर घेतो ते, ९ धरा. ३० अंश आणि ८५ टक्क्यांना साधारण २० मिलिमीटर जाडी लागते. २८ अंश आणि ९० टक्क्यांना ती ३० मिलिमीटरच्या जवळ जाते. १३ मिलिमीटर दोन्ही परिस्थितींत कमी पडते, आणि त्यात कारागिराचा काही दोष नाही. सगळे सांधे नीट चिकटवले, एक चिरही राहिली नाही, तरी त्या डक्टला घाम येणारच.

ग्लासवूलवरच्या चकचकीत फॉइलबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. चकचकीत पृष्ठभाग आजूबाजूच्या भिंती-छताकडून किरणांनी येणारी उष्णता घेत नाही, त्यामुळे तो काळ्या रबरापेक्षा गार राहतो. गुणांक ९ ऐवजी ५ च्या आसपास येतो. म्हणून थेंब टाळायला फॉइलखाली जास्त जाडी लागते. २५ मिलिमीटर ग्लासवूल फॉइल शाबूत असतानाही ३० अंश-८५ टक्क्यांना घाम धरते. सुमारे ३५ मिलिमीटर लागेल, आणि ९० टक्क्यांना ५० मिलिमीटर. डक्ट स्लॅबला किंवा बीमला खेटून गेला असेल तर तिथे हवा हलत नाही आणि गुणांक आणखी पडतो. घाम सगळ्यांत आधी तिथे सुटतो. नकाशात डक्टच्या वर चार-सहा इंच मोकळे ठेवा, ही आमची जुनी विनवणी आहे. फॉल्स सीलिंग तेवढे खाली आले तर इमारतीचे काही नुकसान होत नाही.

ग्लासवूलची मुख्य अडचण जाडीची नाहीच. ते तंतूंचे बनलेले असते, बाष्प त्यातून आरपार जाते. बाहेरच्या त्या जुलैच्या हवेत किलोमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते आणि डक्टच्या पत्र्यालगत १३ अंशांना ९ ग्रॅमच्या वर मावत नाही. म्हणजे बाष्प रात्रंदिवस आत ढकलले जाते. त्याला अडवणारी एकच गोष्ट, फॉइल. ती हँगरच्या पट्टीखाली फाटते, इन्सुलेशनच्या पिना तिला भोके पाडतात, धुळीवर लावलेली अॅल्युमिनियम टेप पहिल्या ओलीत सुटते, मागून आलेला वायरमन तिच्यावर पाय देऊन जातो. तेवढ्या भोकांतून बाष्प आत शिरते, पत्र्यावर पाणी होते आणि ग्लासवूल ते धरून ठेवते. तंतूंमधल्या हवेची वाहकता ०.०२६, पाण्याची ०.६, म्हणजे वीसपटीहून जास्त. जिथे हवा होती तिथे पाणी भरले की इन्सुलेशन उरत नाही, पृष्ठभाग आणखी गार होतो आणि आणखी पाणी धरतो. हे चक्र एकदा सुरू झाले की पावसाळा संपेपर्यंत थांबत नाही. खालून बघणाऱ्याला फक्त जिप्समच्या छतावर तांबूस डाग दिसतो. वर मात्र ग्लासवूल ओले होऊन लोंबत असते, त्याला बुरशीचा वास येत असतो आणि आतून पत्रा पांढरा पडत असतो.

म्हणून डक्टवरच्या इन्सुलेशनसाठी माझे मत स्पष्ट आहे. किनाऱ्यावर, इमारतीच्या आत, बंद पेशींचे नायट्राइल रबर घ्या. त्याच्या पेशी बंद असल्यामुळे बाष्प अडवण्याचे काम त्याची सगळी जाडी मिळून करते, एका पातळ पापुद्र्यावर सगळी भिस्त नसते. एखादी चीर राहिली तर नुकसान त्या चिरेपुरते राहते, ओल दहा फूट पसरत नाही. क्रॉस-लिंक पॉलिथिलीनही बंद पेशींचेच असते आणि स्वस्त पडते, पण ते कोपऱ्यावर आणि एल्बोवर नीट वळत नाही, सांधे उघडे पडतात. सरळ लांब डक्टसाठी ते चालेल.

नायट्राइलच्या उणिवाही सांगायला हव्यात. आगीत ते काळा धूर करते. म्हणून जिन्यालगत, सुटकेच्या मार्गावर आणि अग्निरोधक भिंतीतून डक्ट पलीकडे जातो तिथे खनिज लोकरच हवी, फायर डॅम्परच्या, म्हणजे आगीत डक्ट बंद करणाऱ्या झडपेच्या, दोन्ही अंगांना. ऑर्डर देताना ‘क्लास ओ’चे, म्हणजे माल ज्वाळा सहज पसरू देत नाही याचे, प्रमाणपत्र मागा आणि ते साईटवर आलेल्या मालाच्या बॅचशी जुळते का बघा. उन्हात ते तडकते, तेव्हा गच्चीवर उघडे ठेवू नका. त्याचा चिकटा ओल्या किंवा तेलकट पत्र्यावर धरत नाही आणि नव्या जी.आय. पत्र्यावर कारखान्याचे तेल असतेच. ‘पत्रा पुसून, कोरडा करून’ हे चार शब्द तपशिलात असले तर आमच्या पोरांना ते काम करायला वेळ मिळतो. नसले तर साईट इंजिनिअर म्हणतो, उरका. आणि पाऊस उघड्यावर कोसळत असताना, खिडक्यांना काचा लागलेल्या नसताना इन्सुलेशन चढवायला लावू नका. वेळापत्रकात ते काम काचा लागल्यानंतर दाखवा.

आता सांधे. छतावरचे डाग कधी नीट बघितले आहेत का? बऱ्याच इमारतींत ते साधारण चार-चार फुटांवर ओळीने असतात. पत्र्याची रुंदी तेवढी, म्हणून डक्टचा तुकडा तेवढा, म्हणून फ्लँज तेवढ्या अंतरावर. फ्लँज डक्टच्या अंगाबाहेर इंच-सव्वा इंच उभी राहते. डक्टवर १३ किंवा १९ मिलिमीटरचा थर चढवला तर फ्लँजचे लोखंड त्याच्याही बाहेर उरते. त्यावर पातळ पट्टी मारून वेळ निभावली जाते आणि थेंब तिथूनच गळतात. फ्लँजवर डक्टइतकीच पूर्ण जाडीची वेगळी पट्टी हवी, दोन्ही बाजूंना पुरेशी चढवलेली. हँगरचेही तसेच. रॉड आणि अँगल सरळ पत्र्याला टेकवून वरून इन्सुलेशन गुंडाळले की गारवा त्या लोखंडातून वर चढतो आणि रॉडवरून पाणी ओघळते. आधी इन्सुलेशन, त्याखाली भार सोसणारा कडक फोमचा किंवा लाकडाचा ठोकळा, मग आधार, हा क्रम नकाशात काढून द्या. व्हॉल्यूम डॅम्परची (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) मूठ, तपासणीची झडप, एएचयूपाशी (हवा गार करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या यंत्रापाशी) असलेला कॅनव्हासचा जोड, ग्रिलच्या मागची मान, या चार जागा तपशिलात कधीच नसतात आणि घाम तिथे नक्की येतो.

इन्सुलेशन चढवण्याआधी डक्टची गळती तपासणी घ्या. सांध्यात सीलंट नसेल तर गार हवा फ्लँजमधून इन्सुलेशनच्या खाली शिरते आणि वरचे आवरण आतून गार करत राहते. बाहेरून कितीही गुंडाळा, त्याला उपाय नाही. एकदा नायट्राइल चिकटवले की गळती शोधणे जवळपास अशक्य होते.

एक मुद्दा छताखालच्या पोकळीबद्दल. इकडे पुष्कळ इमारतींवर काँक्रीटच्या वर पुन्हा पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर असते, आणि वरचा मजला नुसत्या छपराखालीच असतो. कडेने ते उघडे असते. पागोळ्यांची सगळी ओल सीलिंगच्या वरच्या पोकळीत येते. तपशील लिहिताना ही पोकळी ‘वातानुकूलित खोलीचा भाग’ धरून इन्सुलेशन पातळ केले जाते. प्रत्यक्षात ती बाहेरची हवा असते. त्यात भर म्हणजे पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. झाड पडले, तार तुटली, दोन-चार तास यंत्र बंद. तेवढ्यात दमट हवा खोलीभर होते. वीज आली की यंत्र पूर्ण जोराने सुरू होते आणि ग्रिल, डिफ्यूझर, डक्ट सगळे एकदम ओले होतात. तुमच्या हिशेबात यंत्राची क्षमता मे महिन्याच्या उन्हावर ठरते, ते योग्यच आहे. पण डक्टचे आवरण जुलैवर ठरले पाहिजे. मेमध्ये इथे डक्ट गळत नाहीत.

दुसरी गोष्ट खाऱ्या वाऱ्याची. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःच पाणी ओढून विरघळते, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत. जूनमध्ये बरणीतले मीठ ओले होते, तेच गच्चीवरच्या पत्र्यावर बसलेल्या क्षारांचे होते. पाऊस पडो न पडो, पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर जवळपास कायम असतो. ‘२४ गेज’ म्हणजे पोलादाची जाडी. गंज अडवते ते जस्त, आणि त्याबद्दल गेज काहीच सांगत नाही. आयएस २७७ या भारतीय मानकात १२० आणि २७५ असे दर्जे आहेत, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला तेवढे ग्रॅम जस्त. १२० म्हणजे एका बाजूला आठ मायक्रॉनच्या आसपास, २७५ म्हणजे एकोणीस. आयएसओ ९२२३ या गंजाच्या वर्गीकरणात सी-४ (जास्त गंजवणाऱ्या) हवेत जस्त वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन जाते, सी-५ (फार जास्त गंजवणाऱ्या) हवेत ४.२ ते ८.४. समुद्रासमोरची उघडी गच्ची सी-४ च्या खाली धरता येणार नाही. भागाकार तुम्हीच करा. १२० चा पत्रा तिथे दोन-चार वर्षांत उघडा पडतो, सी-५ मध्ये एक-दोन वर्षांत. निविदेत दर्जा लिहिलेला नसेल तर सर्वांत कमी दर भरणारा १२० च आणेल, आणि त्याला नियमाने अडवताही येणार नाही.

तेव्हा आतल्या डक्टसाठी २७५ लिहा. गच्चीवर आणि एएचयूच्या बाहेरच्या हवेच्या डक्टला अॅल्युमिनियम किंवा अॅल्युमिनियम-जस्त मिश्रणाचा लेप असलेला पत्रा बघा. खाऱ्या हवेत तो निव्वळ जस्तापेक्षा जास्त टिकतो. अॅल्युमिनियम घेतला तर जाडी एक पायरी वाढवावी लागते आणि उघड्या पोलादाचे बोल्ट चालत नाहीत. दोन धातूंमध्ये खारे पाणी आले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या, ३०४ वर किनाऱ्याला तपकिरी डाग धरतात. पत्र्याची कापलेली कड आणि भोके यांवर जस्तयुक्त रंग मारण्याचे काम बिलात वेगळी बाब म्हणून दाखवा. पैसे मिळणार असतील तर ते होते. आणि साईटवर पत्रे ताडपत्रीखाली एकावर एक रचून पावसाळाभर ठेवू नका. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकून पांढरा गंज चढतो, आणि बसवण्याआधीच पत्र्याचे आयुष्य अर्धे होते.

गच्चीवरून डक्ट नेणे शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर वरच्या आवरणाच्या पत्र्याला वाऱ्याचा हिशेब लावा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे छपरांची काय गत केली ते आपण पाहिले आहे. रिव्हेट मारलेले पातळ क्लॅडिंग त्या वाऱ्यात टिकत नाही, आणि ते उडाले की खालचे इन्सुलेशन पहिल्या सरीतच जाते. आवरणाचे जोड पाणी उतरेल असे खालच्या बाजूला घ्या.

फॉइल लावलेल्या पीआयआर (कडक प्लास्टिक) फोमच्या तयार पॅनेलचे डक्ट हल्ली पुष्कळजण सुचवतात. वजन कमी, काम भरभर, पत्रा गंजण्याचा प्रश्न नाही, इन्सुलेशनही चांगले. हॉटेलच्या खोल्या, दुकाने, कार्यालये इथे मला ते आवडतात. मात्र बाहेर उघड्यावर पातळ फॉइलला मीठ टोचून खाते, कापलेली कड बंद केली नाही तर फोम उघडा राहतो, आणि स्वयंपाकघराच्या धुराड्याला ते कधीच लावू नये. कौलारू पोकळीत उंदीरही कुरतडतात.

रुग्णालयांसाठी मात्र हात जोडून सांगतो, डक्टच्या आतून आवाजासाठी तंतूंचे अस्तर लावू नका. आमच्या हवेत ते ओले राहते, बुरशी धरते आणि फिल्टरनंतर असेल तर ती हवा सरळ टेबलावरच्या माणसावर येते. एका रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या मार्गिकेवरचे छत उघडले तेव्हा डक्टवरचे ग्लासवूल पिळता येईल इतके भिजलेले होते. त्यावर आधी कुणीतरी नवी फॉइल गुंडाळून ‘दुरुस्ती’ केली होती, म्हणजे पाणी आतच कोंडले होते. ओल्या इन्सुलेशनवर दुसरा थर चढवणे हा उपाय नाही. ते उतरवायचे, पत्रा कोरडा करायचा, गंज खरवडून जस्तयुक्त रंग द्यायचा, मग नवे चढवायचे. तोवर शस्त्रक्रिया बंद ठेवाव्या लागतात. जाडीत वाचवलेल्या पैशाची किंमत तिथे रुग्ण मोजतात, दुसऱ्या तालुक्याला जाऊन.

माझ्या मागण्या निविदेत मावतील एवढ्याच आहेत. इन्सुलेशनच्या जाडीऐवजी, किंवा जाडीच्या बरोबरीने, अट लिहा : ३० अंश-८५ टक्के आणि २८ अंश-९० टक्के, दोन्हींत पृष्ठभागावर थेंब धरता कामा नये. कंत्राटदाराने त्याचे गणित कामाआधी सादर करावे. जस्ताचा दर्जा आकड्याने लिहा. फ्लँज, हँगर आणि डॅम्परच्या मुठीचे आरेखन द्या. गळती तपासणी झाल्याशिवाय इन्सुलेशनला परवानगी देऊ नका.

आणि सुरक्षा अनामतीचा काही भाग इन्सुलेशनच्या नावाने वेगळा राखून ठेवा. काम मार्चमध्ये पूर्ण झाले म्हणून एप्रिलमध्ये सोडू नका. पहिल्या ऑगस्टमध्ये, यंत्र किमान दिवसभर चालल्यावर, तुमचा अभियंता आणि आमचा माणूस दोघांनी मिळून सीलिंगचे तुकडे उघडावेत. फ्लँजवर, हँगरवर, बीमखाली हात फिरवावा, एएचयूपासून शेवटच्या ग्रिलपर्यंत. हात कोरडा राहिला तर त्याच आठवड्यात रक्कम सोडा. ओला झाला तर दुरुस्ती आमच्या खर्चाने. चांगले काम करणाऱ्या कंत्राटदारांची या अटीला हरकत असणार नाही, कारण आज आम्ही दर भरतो ते १३ मिलिमीटरवाल्यांशी स्पर्धा करत.

येत्या पावसाळ्याआधी जी तपशीलपत्रे तुमच्या टेबलावर आहेत, त्यांपासून सुरुवात करता येईल. आरेखने आणि वरची गणिते कुणाला बसून तपासायची असतील तर मी माझ्या वर्कशॉपमध्ये वेळ देईन, त्यासाठी पैसे घेणार नाही.

आपला नम्र,
एक डक्टिंग कंत्राटदार
जिल्हा सिंधुदुर्ग